दुसऱ्या दिवसाचं माहेर

आमच्या तुंगकांग बंदरगावाची रीत आहे. लग्न झालेल्या मुलीनं वर्षाच्या शेवटच्या रात्री माहेरी जेवायचं नाही. जेवली तर म्हणे भावाचं नशीब खाते. तिनं यायचं ते नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी, नवऱ्याला घेऊन. नवरा सोडलेलीनं काय करायचं, ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

मेइ-युन माझ्या मासळीगोळ्यांच्या दुकानावरच्या खोलीत राहायला आली, तेव्हा तिचा डावा हात कोपरात सरळ होत नव्हता. नवरा बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा आणि घरी येऊन बायकोची हाडं मोडायचा. मेल्याचे हात झडोत! तिची आई पलीकडच्याच गल्लीत राहते, पण लेकीला ठेवून घ्यायची छाती नाही. मुलगा-सून डोळे वटारतात ना.

शेवटच्या रात्री आमच्याकडे मोठं पातेलं रटरटत होतं. मी जिन्यातून हाक मारली, "अगं, खाली ये. दोन घास आमच्यात खा."

"नको मावशी, तुमच्या सुनेला अपशकुन वाटेल."

"अपशकुनाला म्हणावं, भांडी घासायला ये!"

हसली, पण उतरली नाही. वरूनच म्हणाली, "आईनं परवा बोलावलंय मला. स्वतःहून फोन केला." किती दिवसांनी तिचा असा आवाज ऐकला मी.

वर्षाचा पहिला अख्खा दिवस तिनं मुळ्याच्या वड्या वाफवण्यात घालवला. आईला आवडतो म्हणून जवळा सढळ हातानं घातला. ती एका हातानं मुळा किसत होती.

दुसऱ्या दिवशी ती लाल स्वेटर घालून, डबा घेऊन निघाली. घटकाभरात परत. माझी लेक-जावई आलेले, घरात नुसता हसण्याचा कल्ला. ही मात्र जिन्यात बसून राहिली, डबा मांडीवर.

"काय गं?"

"दारात त्याचे बूट होते, मावशी."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. म्हातारीचा आवाज मलाही ऐकू येत होता. "कुठे राहिलीस? सगळे खोळंबलेत. जावई सफरचंदांची पेटी घेऊन आलेत."

"आई, तू मला बोलावलं होतंस की त्याला?"



"अगं, तुला एकटीला कसं बोलावणार?"

मेइ-युननं फोन ठेवला. डबा माझ्या हातात दिला.

"तुमच्या लेकीला द्या, मावशी. तिला जवळा आवडतो ना?"