आबांनी न सोडलेली गाठ

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर क्लिनिकमधल्या मुलींना मोठ्यानं वाचून दाखवून हसते. पांढऱ्या साडीतली बाई, लिफ्ट मागणारा माणूस, वळणावरचं वडाचं झाड... सगळ्यांची मी यथेच्छ टिंगल केलेली आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. राजारामपुरीत माझं छोटं क्लिनिक आहे. स्नायू, नसा आणि सांधे यांच्यापलीकडे काही असतं असं मला कधी वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय. पण गेल्या मे महिन्यापासून ही गोष्ट मनात अडकून बसलीय, आणि ओळखीच्यांना सांगण्यापेक्षा तुम्हा अनोळखी लोकांना सांगणं सोपं आहे.

आधी आबांबद्दल सांगायला हवं. आबा म्हणजे माझे वडील. आम्ही मूळचे नेसरीकडचे. आबा शाळेत पी.टी.चे सर होते, पण गावात त्यांची ओळख वेगळीच – पवायला शिकवणारे सर. सुट्टी लागली की आमच्या मळ्यातल्या विहिरीवर पोरांची जत्रा भरायची. आबा स्वतः पाण्यात उतरत नसत. पोराच्या कमरेला अंबाडीचा कासरा बांधायचे, गाठ पाठीमागे डाव्या अंगाला, आणि दुसरं टोक हातात धरून काठावर उभे राहायचे.

तो कासरा कुणाला ओढून वर काढण्यासाठी नव्हता. तो बोलण्यासाठी होता. विहिरीत पोरं इतका कालवा करायची की ओरडून काही ऐकूच जायचं नाही. म्हणून एक झटका म्हणजे हात मार. दोन झटके म्हणजे गप पड – धडपड बंद, उताणी हो, तरंग. आणि एका बाजूला लांब, सलग ओढ म्हणजे तिकडं चल, पायऱ्या तिकडं आहेत. बस्स, एवढंच. एवढ्यावर आबांनी अर्धं गाव पोहायला शिकवलं.

आणखी एक नियम होता. वर आल्यावर गाठ आपण सोडायची नाही. ती आबाच सोडणार. ओल्या अंबाडीची गाठ घट्ट बसते, ते दोन्ही हातांनी, नखं लावून, सावकाश सोडायचे आणि मग म्हणायचे, "हां, आता आलास वर." तोवर पोरगं काठावर कुडकुडत उभं असलं तरी आबांच्या लेखी ते पाण्यातच.

मी नऊ वर्षांची असताना चुलत भावांसमोर शायनिंग मारायला म्हणून गाठ आधीच गुपचूप सैल करून ठेवली, विहिरीच्या मध्यावर ती सोडून टाकली आणि पलीकडच्या भिंतीपर्यंत एकटी पोहत गेले. मागे वळून पाहिलं तर आबा रिकामा कासरा धरून उभे. मला वाटलं, आता फोडून काढणार. त्यांनी नुसता कासरा गुंडाळला आणि घरी गेले. नंतर मात्र जन्मभर चिडवत राहिले. बारावीचा निकाल लागला तेव्हा, क्लिनिक सुरू केलं तेव्हा, एकदा तर चुलत भावाच्या भर लग्नात, पाव्हण्यांसमोर – "अक्का, तुझी गाठ मी सोडलेली न्हाय. तू अजून पाण्यातच हाईस की!" घरातली थोरली म्हणून मला सगळे अक्काच म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी आबांना स्ट्रोक आला. वाचा गेली आणि उजवा हात गेला. मी त्यांना राजारामपुरीत माझ्याकडे आणलं. माझा सगळा धंदाच लोकांचे हात-पाय परत चालू करण्याचा... आणि बापाच्या हाताचं एक बोट मला हलवता आलं नाही. सकाळ-संध्याकाळ व्यायाम, गरम-थंड शेक, आरसा समोर ठेवून करायचे प्रकार, सगळं केलं. पलंगाच्या कठड्याला एक जाड सुती पट्टा बांधून ठेवला होता, त्यांनी धरून ओढायला म्हणून. ते तो डाव्या हातानं ओढायचे. उजवा उशीवर ठेवला तसा राहायचा. दिवसभर, आणि मी बाहेरगावी गेले की रात्रीही, त्यांच्याजवळ शमीममावशी असतात, आमच्या जुन्या शेजारीण. त्या म्हणायच्या, "अक्का, तू डॉक्टर म्हणून ओरडू नको त्यांच्यावर, लेक म्हणून बस की घटकाभर." मला ते जमायचं नाही. त्या हाताकडे बघितलं की मला नुसता राग यायचा. बहुतेक स्वतःचाच.

आता समुद्राकडे येते. कोल्हापूरच्या बाईला सर्फिंगचं खूळ कसं लागलं, हे मलाही आता नीट आठवत नाही. खांद्याच्या दुखण्यासाठी एक पेशंट यायचा, त्याच्यामुळे बहुतेक. चार वर्षं झाली, महिन्यातून एखाद्या शनिवारी पहाटे निघायचं, गगनबावडा उतरायचा आणि देवगड तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर दोन दिवस काढून परत यायचं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथल्या लोकांचं पोट पर्यटकांवर आहे, उगाच माझ्यामुळे बोभाटा नको. आबा धडधाकट असताना एकदा मी त्यांना मोबाईलवर व्हिडिओ दाखवला होता. म्हणाले, "फळीवर हुबं ऱ्हायाचं? मग पवायचं कधी?"

या किनाऱ्यावर खडक नाहीत, लाटा थेट पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यावर येऊन फुटतात. हिवाळ्यात त्या कंबरेएवढ्या असतात, नवशिक्यांना बऱ्या. पण मेच्या शेवटी पाणी भारी होतं. लाट उभी राहते ती भिंतीसारखी, आणि पडते ती हातभर पाण्यात, वाळूवर. त्यात पडलात तर समुद्र तुम्हाला धुणं आपटल्यागत आपटतो. शिवाय लाटांनी आत आणलेलं पाणी परत जायला एखादी वाट शोधतं, आणि त्या वाटेत सापडलात तर किनारा बघता बघता लांब जातो.

त्या रविवारी सकाळी साडेसातला मी बोर्ड घेऊन निघाले, तेव्हा तिथं शिकवणारा निलेश म्हणाला, "ताई, आज आत जाव नको. पाणी बरा नाय."

"अरे जा, पंचगंगेच्या पुरात उड्या मारणाऱ्यांच्यातला हाय मी," मी म्हटलं. (आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना "मी आलो, मी गेलो" म्हणतो. लिहिताना सुधारतो.) वास्तविक पुरात मी जन्मात उडी मारलेली नाही. मी विहिरीत शिकलेली. पण निघायच्या आदल्या दिवशी आबांच्या हातावरून मावशींशी वाजलं होतं, डोकं तापलेलं होतं, आणि मला कुणीतरी आपटायलाच हवं होतं बहुतेक.

पहिल्या दोन लाटा छान मिळाल्या. तिसरीला मी उठले आणि लाट पायाखालून गायबच झाली. वरून खाली डोक्यावर पडले. वाळूला खांदा घासला, बोर्ड पाठीत बसला, आणि पायाला बोर्ड बांधून ठेवणारा पट्टा तुटला. वर आले तर दुसरी लाट. परत खाली. तिच्यानंतर वर आले तेव्हा बोर्ड दिसत नव्हता आणि किनाऱ्यावरची होडीची निळी शेड काडेपेटीएवढी झाली होती.

इथं मी ती चूक केली जी विहिरीत शिकलेलं माणूसच करेल. विहिरीत काठ कधीच लांब नसतो. भीती वाटली की नाकासमोर भिंतीकडं हात मारायचे, चार हातांत भिंत येते. मी तेच केलं. किनाऱ्याकडे तोंड करून जीव खाऊन पोहायला लागले. शंभर हात मारले असतील. निळी शेड आणखी लहान झाली. निलेश दोन नवख्यांना घेऊन गुडघाभर पाण्यात उभा होता, पाठ माझ्याकडे. ओरडायला गेले तर तोंडात पाणी. उजव्या पोटरीत गोळा आला. मला अगदी स्वच्छ कळलं, की मी आता मरणार आहे. आणि डोक्यात आलं ते एवढंच की आबांना हे कोण सांगणार, आणि सांगितलं तरी ते विचारणार कसं.

तेव्हा कमरेला झटका बसला.

पाठीमागे, डाव्या अंगाला. दोन झटके. एक... आणि लगेच दुसरा.

वाटलं तुटलेला पट्टा गुंडाळलाय. हात मागे नेऊन चाचपलं. काही नव्हतं, नुसता ओला टी-शर्ट. मी परत हात मारायला लागले. परत दोन झटके, या वेळी जोरात, आबा चिडले की मारायचे तसे. आणि खरं सांगते, विचार वगैरे काही केला नाही मी. अंगच उताणं झालं. हात पसरले, धडपड थांबली, कान पाण्याखाली गेले आणि सगळं शांत झालं. लाटा खालून उचलत होत्या आणि सोडत होत्या. किती वेळ, माहीत नाही. श्वास जागेवर आला, पोटरीचा गोळा उतरला.

मग ओढ आली. लांब, सलग, उजवीकडे. किनाऱ्याकडे नाही – किनाऱ्याला समांतर, सुरूच्या झाडांच्या दिशेला. मी तिकडे निघाले. सावकाश, पाठीवरच, मधूनमधून पालथी होऊन. ओढ थांबली की मी थांबायचे, लागली की निघायचे. सुरूच्या समोर आल्यावर बाहेर ओढणारं पाणी मागे राहिलं आणि लाटांनीच मला ढकलत आणलं आणि वाळूवर टाकलं. हातातल्या घड्याळात आठ एकवीस झाले होते.

निलेश धावत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ताई, तुमका थयसून येवक कोणी सांगल्यान?" तिथून यायला कुणी सांगितलं? मी म्हटलं, "वडिलांनी." कमेंटमध्ये "किती घेतली होती" विचारणाऱ्यांसाठी – एक कप चहा.

मोबाईल गाडीत होता. शमीममावशींचे तीन मिस्ड कॉल. आठ नऊ, आठ बारा, आठ वीस. मी घाबरून फोन लावला, आणि मी काही बोलायच्या आतच त्या सुरू झाल्या.

"अक्का, कुठं हाईस? आगं, आबांचा हात उचलला की गं! उजवा! चहात खारी बुडवून भरवत होतो, तर एकदम तो पट्टा धरला आणि दोनदा हिसका दिला. मला वाटलं फिट आली. जरा थांबले, परत दोनदा हिसका! डोळे टक्क उघडे. मग नुसतं एका बाजूला ओढत बसले, किती येळ! घामानं बनियन भिजलं बघ सगळं. मी सोडवाय गेलतो तर सोडतच न्हाईत. आत्ता सोडला, आन् झोपले."

मी गाडीच्या बंपरवर बसून रडले. निलेशला वाटलं भीतीनं रडतेय, त्यानं शहाळं आणून दिलं.

दुपारी घरी पोचले. आबा जागे होते. मी आल्या आल्या, लेक म्हणून नव्हे, सवयीनं डॉक्टर म्हणूनच, हात तपासला. शून्य. बोट नाही, मनगट नाही, काही नाही. पण तळव्यावर आडवा लाल वळ होता, पट्ट्याच्या रुंदीपेक्षा बारीक. कासऱ्याएवढा असं मी म्हणणार नाही, कारण कासरा मी मोजलेला नाही. पण पट्ट्याचा नव्हता.

नंतर न्यूरोलॉजिस्टना विचारलं. ते म्हणाले, अशा रुग्णांत हात आपोआप आखडतो, तो झटका असेल. मान्य. पाण्यात माझ्या मेंदूनं लहानपणची शिकवण वर काढली असेल. तेही मान्य, मीच पेशंटला असं समजावलं असतं. दोन्ही एकाच वेळी, त्याच क्रमानं? यावर ते हसले आणि म्हणाले, "योगायोग." असेलही.

पण मी त्यांना त्या संध्याकाळचं सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नव्हतं, आज पहिल्यांदा लिहितेय. मावशी घरी गेल्या होत्या. मी आबांच्या पलंगाच्या कडेवर, त्यांच्याकडे पाठ करून, धुतलेल्या टॉवेलच्या घड्या घालत बसले होते. खरं तर मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. तेवढ्यात कमरेला बोटं लागली. मागे, डाव्या अंगाला. नखांनी काहीतरी उकलल्यासारखं, अगदी सावकाश. मी वळले नाही. श्वाससुद्धा घेतला नाही. बराच वेळ लागला त्यांना. मग मागून आवाज आला, दोन वर्षांत न ऐकलेला, खरखरीत, अर्धवट –

"हां... आलीस... वर."

वळले तेव्हा डोळे मिटलेले होते आणि उजवा हात उशीवर होता, होता तसा. त्यानंतर आजतागायत तो हलला नाही आणि आबा एक अक्षर बोललेले नाहीत. मी आता रोज घटकाभर त्यांच्याजवळ नुसती बसते, व्यायाम न घेता. समुद्रावर अजून जाते, जाताना त्यांना सांगून जाते.

या सगळ्याचा अर्थ मला लागलेला नाही. कुणी म्हणेल, डावा हात चालतो ना त्यांचा, त्यानंच चाचपलं असेल. पण माझ्या कमरेला दहा बोटं लागत होती, मी मोजली.

आणि गाठ एका हातानं सुटत नाही.