पंधरा दिवसांचा पंचनामा

आमच्या तलाठीआप्पांइतका मत नसलेला माणूस महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत दुसरा झालेला नाही. तुम्हाला वाटेल, भिडस्त असतील. अजिबात नाहीत. भर पंचांसमोर वरच्या साहेबाला 'साहेब, आपण चुकीच्या शेतात उभे आहात' असं सांगणारा हा माणूस. पण एखादी गोष्ट चांगली की वाईट, हे त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेलं नाही. सगळी नोकरी तलाठ्याची, आणि आमच्या भागात सावित्री नदीला पूर येणार, डोंगराची माती खाली येणार, म्हणजे तलाठ्याने छत्री घेऊन दारोदार नुकसानीचे पंचनामे करायचे. पंचनाम्याचा नियम एकच. जे दिसलं ते लिहायचं, जे वाटलं ते लिहायचं नाही. निवृत्तीच्या दिवशी आप्पांनी दप्तर, शिक्के, कपाटाच्या चाव्या सगळं जमा केलं, हा नियम तेवढा घरी घेऊन आले. लग्नाहून परतल्यावर कोणी विचारलं, 'आप्पा, जेवण कसं होतं?' तर उत्तर येणार, 'जिलेबी होती. मठ्ठा होता. बसायला सावली होती.' आमच्या काकू, म्हणजे त्यांची बायको, सांगायच्या की आप्पा त्यांना बघायला आले तेव्हा काकूंच्या वडिलांनी मोठ्या आशेने विचारलं, मुलगी पसंत आहे ना. आप्पा म्हणाले, 'मुलगी समक्ष हजर होती.' वडिलांनी त्यालाच होकार समजून सुपारी फोडली. 'तेवढंच ते आयुष्यात माझ्याबद्दल बोलले,' असं काकू म्हणायच्या आणि हसायच्या.

डावं-उजवं ही भानगड आप्पांना ठाऊक नव्हती. शेताच्या चारी बाजूंना काय आहे ते लिहिता लिहिता त्यांना सगळ्या जगाच्याच चार दिशा दिसायला लागल्या होत्या. एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात ते पोऱ्याला नाही, थेट मालकाला सांगायचे, 'ताटलीतला पूर्वेकडचा वडा गार आहे.' डॉक्टरांनी विचारलं कुठे दुखतंय, तर 'गुडघ्याच्या नैर्ऋत्येस.' डॉक्टरही महाडचेच, जुने. ते आधी आप्पांना उत्तरेकडे तोंड करून बसवायचे आणि मग गुडघा दाबायचे. माझ्या लग्नात सकाळी सातलाच येऊन त्यांनी पावलांनी मांडव मोजला आणि माझ्या बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, 'पंगतीला दीडशे माणूस मावेल, तुम्ही बोलावलंय तीनशे.' बाबा घाबरले. आप्पांनी नंतर स्वतः दारात उभं राहून दोन पंगती लावल्या, आणि कोणाची जात-पात, मानपान न बघता जो आधी आला तो आधी बसवला. त्यावरून आमचे एक मामा अजून रागावलेले आहेत.

मी पोलादपूरजवळच्या कापड्याची. आमची भातशेती. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आजोबांचा अंगठा, बाबांची सही जेमतेम. मी बी.ए., बी.एड. झाले, महाडात शाळेत शिकवते, आणि हे मी कुठेही मान वर करूनच सांगते. पण त्या पदवीच्या पायाशी आप्पा आहेत, हेही त्याच दमात सांगायला हवं. मी बारावी होऊन घरी बसले होते. पुढे शिकवायचं की नाही यावर घरात रोज काथ्याकूट. त्या पावसात शेजाऱ्यांच्या गोठ्याची भिंत पडली आणि आप्पा पंचनाम्याला आले. त्यांचा चष्मा भिजलेला, म्हणून कागद माझ्यापुढे धरला, ते सांगतील तसं मी लिहिलं. सह्यांची वेळ आली तेव्हा म्हणाले, 'पंच म्हणून हिची घ्या.' गावातले दोघे-तिघे कुरकुरले, 'पोरीची सही कशाला वो भाऊसाहेब? आमी हाव ना.' आप्पा म्हणाले, 'अठरा पूर्ण आहेत, लिहितावाचता येतं. पंचाला मिशी लागते असं कायद्यात आढळून येत नाही.' मी सही केली. बाबा लांबून बघत होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी कॉलेजचा फॉर्म आणला. उत्पन्नाचा दाखला वेळेत मिळेना तर आप्पांनी तो स्वतः काढून, एसटीने येऊन, कॉलेजच्या खिडकीत नेऊन दिला. मला म्हणाले काय, तर 'खिडकी क्रमांक दोन. दाखला पोच झाला.' शाब्बास नाही, शिक हो नाही. बस्स.

काकू गेल्या आणि आप्पा महाडातल्या घरात एकटे राहायला लागले. एकटे म्हणायचं नुसतं. सकाळपासून पायऱ्यांवर चपला. कोणाला सातबारा वाचून हवा, कोणाला वारसनोंदीचा अर्ज लिहून हवा, कोणाला आलेल्या नोटिशीत नेमकं काय म्हटलंय ते कळत नाही. आप्पा चष्मा लावून वाचायचे आणि साध्या मराठीत सांगायचे. मग गेल्या वर्षी ते न्हाणीघरात पडले. 'अर्धा तास पडून होतो,' एवढंच आम्हाला सांगितलं. बेंगळुरूला असलेली त्यांची मुलगी धावत आली, रडली, बरोबर चला म्हणाली. आप्पा नाही म्हणाले. मीही म्हटलं, माझ्याकडे या. तर म्हणाले, 'तुझं घर दोन खोल्यांचं. उत्तरेस सासू, दक्षिणेस सासरे, मध्ये दोन मुलं. मी कोणत्या दिशेस राहू?' शेवटी मुलीने महाड आणि पोलादपूरच्या मध्ये, हायवेपासून आत टेकडीच्या उतारावर झालेली ज्येष्ठांची वसाहत शोधून काढली. प्रत्येकाला स्वतंत्र खोली, एकत्र जेवण, नर्स, बाग. पंधरा दिवस राहून बघा, पसंत पडलं तर राहा. नाहीतर सोळाव्या दिवशी खोली दुसऱ्याला जाणार, कारण मागे लोक थांबलेले.

माझ्या आईला हे बिलकूल पटलं नाही. 'म्हातारपनी मानसाला बाहेर ठेवायचा म्हंजे काय गो? आपल्याकडं आन. पडवी रिकामी हाय.' मी म्हटलं, आई, पडवीतून संडासाला जायला आठ पायऱ्या आहेत, ओल्या. ती म्हणाली, 'मी धरून नेईन.' आईचं वय आप्पांपेक्षा दोनच वर्षं कमी.

पंधरा दिवस आप्पांनी काय केलं असेल ते ओळखायला फार अक्कल लागत नाही. मी त्यांना सोडून घरी पोचायच्या आत त्यांनी मॅनेजरकडून कोरे कागद मागून घेतले होते. मधल्या रविवारी गेले तर व्हरांड्यात टेबल मांडून लिहीत बसलेले, आणि समोर पोलादपूरकडच्या एक निवृत्त नर्सबाई. या बाईंनी उभा जन्म डोंगरातल्या वाड्या पायी तुडवून बाळंतपणं केलेली. गेली दोन वर्षं त्या इथेच राहतात. आप्पांनी त्यांना पहिला पंच नेमलं होतं. दुसरे पंच मुंबईच्या बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. ते न वाचता सही करत, म्हणून आप्पांच्या मनातून उतरले होते.

मी कागद चाळले. 'स्नानगृहात धरण्यास दांडी आहे. ओढून पाहिली. भक्कम आहे. फरशी खरखरीत आहे. जेवण वेळेवर. आमटीत गूळ आढळून आला. सुकट, जवळा, बोंबील: निरंक. वर्तमानपत्रे तीन. शब्दकोडे सकाळी सातच्या आत कोणीतरी सोडविते, इसम अज्ञात. सकाळी साडेआठ वाजता सर्वजण हिरवळीवर उभे राहून मोठ्याने हसतात. कारण समजून आले नाही.' बिछान्याजवळच्या घंटीची तपासणी तर घड्याळ लावून केलेली. पहिल्यांदा दाबली, दीड मिनिटात मदतनीस मुलगी आली. दुसऱ्यांदा दोन मिनिटांत. तिसऱ्यांदा एकात. 'पाचव्या वेळी सदर मुलगी चहा घेऊन आली व आजोबा, करमत नाही का, असे विचारून अर्धा तास बसली. तपासणी तेथे थांबविली.'

'काय वो तलाठी,' नर्सबाई म्हणाल्या, 'आमटी ग्वाड हाय ते बरं लिवलंत. पन बसल्या जागी गरम मिळते, ते कोन लिवनार?'

आप्पांनी गुमान लिहिलं, 'आमटी गरम आहे.'

'आन रात्री अंगात कणकण आली तर कोनतरी कपाळाला हात लावतो, ते?'

'मला अजून कणकण आलेली नाही. ऐकीव माहिती घेता येत नाही.'

'येईल की. येवढी काय घाई हाय?'

पुढच्या पानावर लिहिलं होतं, 'खोलीच्या दारास आतून कडी नाही.' मला ते खटकलं. मी शिकलेली बाई, मोठ्या तोऱ्यात म्हणाले, हे काही बरोबर नाही, माणसाला स्वतःचं दार लावता यायला नको का? या वयात एवढा तरी मान राहू दे. नर्सबाईंनी माझ्याकडे बघितलं.

'ताई, यांच्या घरात कडी व्हती ना? ती लागलेली व्हती म्हनून तर साडेपाच तास पडून ऱ्हायले हे. दूधवाला दार वाजवून वाजवून गेला. हाक मारायला आवाज निघंना. तुमाला सांगितलं नाय वाटतं.'

आम्हाला अर्धा तास सांगितला होता. जन्मभर जे दिसलं तेच बोललेल्या माणसाने आम्हाला एकदाच खोटं सांगितलं, आणि ते आम्हाला त्रास होऊ नये म्हणून. मी कागद खाली ठेवले. आप्पा पेनाचं टोपण लावत होते, काढत होते, परत लावत होते.

पंधराव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गेले. मॅनेजर दोनदा येऊन विचारून गेला होता, राहताय का. एकोणीस पानं झाली होती, दोरा घालून शिवलेली. मी शेवटपर्यंत वाचली. मग विचारलं, 'आप्पा, तुमचं काय ठरलं?'

'ठरवणं माझ्याकडे नसतं. पंचनामा वर पाठवायचा. आदेश वरून येतो.'

'वर आता कोण आहे?'

त्यांनी शिवलेली पानं माझ्याकडे सरकवली. 'तू पदवीधर आहेस.'

मी आयुष्यात बऱ्याच परीक्षा दिल्या. इतकी अवघड एकही नव्हती. ज्याने मला शेजारच्या गोठ्यापासून या खुर्चीपर्यंत आणलं, त्याने राहायचं कुठे हे मी सांगायचं होतं. चुकले तर ते तक्रारही करणार नव्हते. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं होतं की शेवटच्या पानावर 'नुकसानीचा तपशील' असं लिहून पुढची जागा कोरी सोडलेली आहे. मी त्यावर बोट ठेवलं.

ते पंचनाम्याच्याच सुरात म्हणाले, 'पंधरा दिवसांत येथे कोणीही कागद घेऊन आले नाही.'

मला कळलं. घंटी, दांडी, गरम आमटी, कपाळावरचा हात, हे सगळं इथे होतं. सगळे जण त्यांची काळजी घेणार होते. त्यांनी कोणाची घ्यायची, याची सोय मात्र वसाहतीच्या माहितीपत्रकात नव्हती. घरी ती होती, पण घराला कडी होती.

मी त्यांच्याच हातातलं पेन घेतलं आणि त्या कोऱ्या जागेखाली लिहिलं, 'वरील सर्व बाबी पाहता अर्जदाराने वसाहतीत राहावे. दर शनिवारी महाडास माझ्या घरी हजर व्हावे. ओटीवर टेबल व खुर्ची ठेवण्यात येईल. ज्यांना कागद वाचून हवे आहेत त्यांनी तेथे यावे, असे सर्वांस कळविण्यात येईल.' खाली सही केली, पदवीसकट. पदवी मी एरवी सहीत लिहीत नाही. त्या दिवशी लिहिली.

आप्पांनी दोनदा वाचलं. 'शनिवारी किती वाजता ते नमूद नाही,' म्हणाले. मी वेळ घातली. लेखी आदेश त्यांनी जन्मात कधी मोडला नव्हता. ते उठले, मॅनेजरकडे गेले आणि खोलीतल्या कपाटाची चावी मागून आले. नर्सबाई म्हणाल्या, 'सुटलो. आता ह्यो मानूस हसायला तरी येईल सकाळचा.' आप्पा म्हणाले, 'कारण समजल्यास येईन.'

याला आता आठ महिने होतील. शनिवारी माझी सकाळची शाळा सुटते तोवर ओटीवर चार-पाच माणसं बसलेली असतात, कापड्याहून, वीरहून, कुठून कुठून. सासूबाई आधी नाराज होत्या, आता आलेल्यांना पाणी देतात आणि मधेच कोणाच्या वारसनोंदीत सल्लाही देतात. आईने एकदा येऊन सगळं बघितलं. 'तब्येत बरी दिसते,' म्हणाली, आणि थोड्या वेळाने, 'पडवी हायच आपली.' एवढं मोठं मन असलेली माणसं माझ्या वाट्याला आली याचं मला अजून नवल वाटतं. वसाहतीबद्दल मला विचाराल तर मी आप्पांसारखी नाही, मला मत आहे. ती जागा चांगली आहे. तिथे माणूस पडला तर पाच मिनिटांत उचलला जातो, आणि यासाठी मी आमटीतला गूळ माफ करते. पण सहा दिवस तिथे ठेवून सातव्या दिवशी माणसाला कोणी बोलवायला हवं, आणि ते वसाहत करू शकत नाही, ते आपणच करायचं.

सुरुवातीचे महिने आप्पा शनिवारी निघता निघायचे नाहीत. माणसं पांगली तरी खुर्चीत बसून राहायचे, मी दुसऱ्यांदा चहा करायचे, सहा वाजता रिक्षा बोलवावी लागायची. गेल्या शनिवारी चार वाजताच उठले. समोर बसलेल्या माणसाला म्हणाले, बाकीचं पुढच्या शनिवारी. मी आतून म्हटलं, आप्पा, चहा टाकलाय.

'राहू दे. नर्सबाईंचा गुडघा धरलाय. पाच वाजता बागेतल्या फेरीला त्यांच्याबरोबर कोणी नाही.'

कठडा धरून एक एक पायरी उतरले, रिक्षात बसले, आणि वळणावर दिसेनासे झाले. मागे वळून बघितलं नाही. बघायचं कारणही नव्हतं. मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. चहा दोघांचा होता. मी ओटीवर येऊन बसले आणि सावकाश दोन्ही कप संपवले.