सेतू अण्णाची कॅसेट

भुताखेतांचा विषय निघाला की मी उलट बाजूने वाद घालणारा माणूस. त्यामुळे हे इथे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण घडलं ते माझ्याच घरात.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास बँकेने माझी चेन्नईला बदली केली. नुंगंबाक्कममध्ये भाड्याचं घर, मी आणि बायको विद्या. गिटार मी रीतसर शिकलेलो नाही. रविवारी दुपारी तारा वाटेल तशा लावायच्या, कॉफीचा स्टीलचा टंबलर त्यांवर घासायचा आणि जे निघेल ते कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचं. विद्या म्हणायची, "झाली का भांडी घासून?" पण इंटरनेटवर आमच्यासारख्याच हौशी लोकांचा एक फोरम होता. तिथे मी ते टाकायचो. लोक मनापासून ऐकायचे, चुका सांगायचे. या परक्या शहरात माझे मित्र म्हणजे तेच.

एकदा वाजवताना मधेच तार तुटली. विद्या धावत आली. मी तिला हाताच्या खुणेनेच गप्प केलं आणि उरलेल्या तारांवर वाजवत राहिलो. बरं जमलं वाटलं, म्हणून तसंच अपलोड केलं.

दुसऱ्या दिवशी खाली एका बाईंची प्रतिक्रिया – "हे माझ्या वारलेल्या भावाचं रेकॉर्डिंग आहे. चोरलंय."

मी हसण्यावारी नेलं. पण बाई जुन्या मेंबर, वीणा वाजवणाऱ्या. त्यांच्या शब्दाला वजन होतं. रोज बोलणारे एकेक करून गप्प झाले. एकाने तर नुसतं 'शेम' एवढंच लिहिलं. बँकेत कुणाला यातलं काही माहीत नव्हतं, तरी माझी मान वर होईना. काही न करता चोर ठरलो होतो... शेवटी मीच त्यांना घरी बोलावलं.

त्या चेन्नईच्याच उत्तर टोकाच्या एन्नोरहून आल्या. शाळेत शिकवायच्या, नाव रुक्मिणी. दारावरचं आमचं आडनाव वाचून एकदम मराठीत बोलल्या – तंजावरकडची, जुन्या वळणाची मराठी. "तुम्ही आमचेच लोक होय? मग अधिकच वाईट वाटलं. सेतू अण्णाचं हे तुम्हांस कोठे मिळालं?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी पिशवीतून टेपरेकॉर्डर काढून कॅसेट लावली.

तोच घासल्याचा आवाज. तेच सूर. आणि मग, त्याच जागी – तार तुटली. तुटल्यावर मी क्षणभर थांबलो होतो, ते थांबणंसुद्धा तसंच.

"अहो, मी घरात होते हो!" विद्या जवळजवळ ओरडलीच. "माझ्यासमोर तुटली ती!"

रुक्मिणीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "अण्णास कावीळ झाली, तो गेला. त्याच्या आधीचं हे. कॅसेट आमच्या घराबाहेर कधी गेली नाही, अम्मा."

इतक्यात खट्कन आवाज झाला. सूर अर्धाच राहिला.

"टेप इतकीच," त्या म्हणाल्या. "तो पुढेही वाजवत होता. मी बाजूसच बसले होते. पण काय वाजवलं, आता आठवत नाही. तुमचं तर मी तार तुटेतोच ऐकलं, पुढे ऐकवलं नाही."

माझं रेकॉर्डिंग तिथे संपत नव्हतं. मी कॉम्प्युटरवर पुढचा भाग लावला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. हळूहळू त्यांचा हात मांडीवर ताल धरू लागला – पहिल्यांदाच ऐकणाऱ्याचा धरत नाही तसा, पुढे काय येणार ते ठाऊक असल्यासारखा. संपल्यावर पदराने डोळे पुसले. "हेच," एवढंच म्हणाल्या आणि मला हात जोडले.

चोर म्हटलं तेव्हाही वाटली नव्हती इतकी लाज मला त्या जोडलेल्या हातांची वाटली. ते माझं असेल तर त्यांची फसवणूक झाली. त्यांच्या अण्णाचं असेल, तर मी कोण?

त्यांनी फोरमवर जाहीर माफी मागितली. मी त्यांना सीडी करून दिली आणि ती फाइल काढून टाकली. योगायोग, ध्वनिलहरी... सगळं वाचून झालं. उत्तर नाही. कुणी विचारलं, "स्वतःचं काही बनवलंय का?" तर मी आजही नाही म्हणतो.