एकाच डोळ्याचं पाणी

लग्न होऊन पुण्याला जाताना लेकीनं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. दागिने नाहीत, साड्या नाहीत. तिचा जीव सशात अडकला होता. जावयाच्या सोसायटीत प्राणी पाळायला बंदी, म्हणून ससा माझ्याकडं राहणार होता. हळदीच्या पिवळ्या हातानं तिनं माझा हात धरला. "आई, नुसतं खायला घालून चालायचं न्हाई. रोज हातात घेऊन बघायचं." मी फटकन म्हणाले, "तुला वाढवली, ह्या मूठभर जिवाचं काय एवढं?" मला कुणी शिकवायला लागलं की माझं तोंड आधी चालतं.

ससा पांढरा, कान राखाडी. कॉलेजात असताना तिनं त्याला बुटाच्या खोक्यातून आणलं, तेव्हा सगळ्यात जास्त आरडाओरडा मीच केला होता. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेकही गेली, आणि घरात आम्ही दोघंच उरलो. मी स्वयंपाक करताना तो उंबऱ्यापाशी बसून माझ्याकडं बघायचा. मी त्याला गल्लीतल्या सगळ्यांच्या कागाळ्या सांगायची. लाज सोडून सांगते, त्या दिवसांत मी माणसांपेक्षा त्याच्याशीच जास्त बोलले.

होळी झाली आणि चटणीचा हंगाम लागला. कोल्हापुरात वर्षाची चटणी ज्या घरात होते, त्या घरात महिनाभर दुसरं काही होत नाही. मिरची गच्चीवर वाळत घालायची, देठ काढायचे, कांदा-लसूण-खोबरं तळायचं, मग सगळं डंकावर, म्हणजे मिरची कांडायच्या गिरणीत, नेऊन कुटून आणायचं. माझी एकटीची गरज ती केवढी, पण दोन नणंदा, लेक, शेजारीपाजारी धरून माझ्याकडं पोत्यानं मिरची येते. माझ्या हातच्या चटणीचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. त्या दिवसांत घरात येणारा माणूस आधी शिंकतो, मग बोलतो.

अशाच एका सकाळी सशाच्या डाव्या डोळ्याखालची लव ओली दिसली. मिरची झोंबली असणार, दुसरं काय! पाणी उकळून कोमट केलं, कापूस बुडवून पिळला आणि आतल्या कोपऱ्याकडून बाहेर अलगद पुसलं. दर वेळी नवा कापूस, लेकीनं शिकवलं होतं तसंच. त्याचा पिंजरा उचलून पुढच्या सोप्यात नेला. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी परत तेच.

लेकीचा रोज सकाळी आठला फोन यायचा. ती म्हणाली, "आई, डॉक्टरला दाखव."

"अगं, मिरचीची झळ हाय. माझेबी डोळे गळायलेत, मी जाते काय दवाखान्यात?"

ती हसली. ती हसली म्हणून माझ्या लेखी विषय मिटला.

मग तो गवत खाईना. तोंडात घ्यायचा, जरा चघळायचा, टाकून द्यायचा. मी दुधात भाकरी कुस्करून बोटावर धरली, तर ती त्यानं चाटून खाल्ली. मला वाटलं, लाडावलाय. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. किती वर्षांनी कुणीतरी माझ्या हातनं भरवून घेत होतं.

वीसेक दिवस असे गेले. पाणी आता दुधासारखं पांढरट आणि चिकट झालं होतं. डोळ्याखालचे केस गळून कातडी लाल दिसायला लागली होती. एके दिवशी दुपारी शेजारच्या भाभी लसूण सोलू लागायला आल्या. त्या शिवणकाम करतात, नजर बारीक. माझं पुसणं बघत त्या म्हणाल्या, "वैनी, राग मानू नका, पण मिरची झोंबली तर दोन्ही डोळ्यांना झोंबंल की. ह्याचा एकच डोळा कसा काय गळतोय?"

"तुमी लसूण बघा, भाभी," मी म्हणाले.

पण माझा हात तिथंच थांबला. त्याला उचलून खिडकीपाशी नेलं आणि उजवा डोळा बघितला. स्वच्छ, कोरडा, काळाभोर. मी रोज त्याला हातात घेत होते, रोज पुसत होते, आणि हे मला दिसलं नव्हतं. हातही न धुता मी रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी बॅटरी लावून त्याचं तोंड बघितलं, गाल चाचपले. "मागच्या दाढा वाढल्यात. सशाच्या दाढा जन्मभर वाढत राहतात, गवत चावूनच त्या झिजतात. डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची जी नळी असती, ती दाढांच्या मुळांनी दाबलीय. वाट बंद झाली म्हणून पाणी बाहेर येत होतं. आता आत पू झालाय. गवत सोडलं होतं काय ह्यानं?"

"व्हय. मी दुधात भाकरी कुस्करून देत होते."

त्यांनी बॅटरी बंद करून बाजूला ठेवली.

"पहिल्याच आठवड्यात आणला असता तर?"

"तर बरंच काही करता आलं असतं, मावशी."

"त्याला दुखत होतं काय?"

"दुखत असणारच. पण ससा दाखवत न्हाई. रानात ज्यानं दुखणं दाखवलं त्याला कोणीतरी उचलून नेतंय."

त्यांनी नळी धुतली, औषधं दिली, इंजेक्शनं दिली. चार दिवस मी मिरचीकडं बघितलंही नाही. पाचव्या दिवशी दुपारी तो माझ्या मांडीवर गेला. जातानाही आवाज केला नाही. भाभींनी आणि मी त्याला परसात पुरलं. मी रडले, नवऱ्याच्या वेळी रडले नव्हते एवढी रडले.

लेकीला मी सगळं सांगितलं. भाकरीचं, मिरचीचं, एका डोळ्याचं. काही लपवलं नाही. मग ती म्हणाली, "बरं, आई. ठेवते." तिनं मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

फोन पुढंही रोज आठला येत राहिला. माझ्या गुडघ्यांचं ती विचारायची, जेवणाचं विचारायची. सशाचं नाव तिनं परत काढलं नाही, आणि माझीही हिंमत झाली नाही.

गणपतीच्या सुमारास एका सकाळी ती म्हणाली, "आई, तिसरा महिना लागलाय." मी हरखून गेले. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरीच होतं, त्यात विचारायचं काय? मी माळ्यावरचा पाळणा खाली काढला, डिंकाच्या लाडवांची तयारी मनात सुरू केली, आणि सातव्यात ओटी भरून तिला कधी आणायचं ते तिला फोनवर सांगायला लागले. तिनं माझं सगळं बोलणं संपू दिलं.

"आई, बाळंतपण मी हितंच करीन म्हणते. दवाखाना घराला लागून हाय. काय झालं तर वेळेत जाता येतंय. तू ये की इकडं."

तिचा आवाज अगदी मायेचा होता. टोमणा मारायचा तिचा स्वभाव नाही. मी बरं म्हणाले. तिचं चुकलं असं मला म्हणताही येईना.