काचेमागचं आभाळ

आमच्या घरात काचेची कुठलीही तसबीर पालथी घालूनच उघडायची, असा आईचा कायदा आहे. गणपतीच्या आधी ती भिंतीवरचे सगळे देव खाली उतरवायची, जमिनीवर जुनी चादर अंथरून त्यांना तोंडावर झोपवायची, मागचे बारीक खिळे चिमट्याने उपटायची, पुठ्ठा काढायची, देवाचा कागद अलगद बाजूला ठेवायची आणि काच राखेने घासून स्वच्छ धुवायची. काच उन्हात वाळली की देव परत आत. पालथं घालायचं कारण एवढंच, की काम करताना देवाच्या नाकाडोळ्यांकडे चिमटा जाऊ नये. तिच्या हातून आजवर एकाही देवाला खरचटलेलं नाही.

या आंघोळीतून भिंतीवरची एकच वस्तू सुटलेली होती, ती म्हणजे बाबांचं चित्र. त्याच्या मागे जाड तपकिरी कागद असा चिकटवलेला होता की चिमटा घालायला जागाच नव्हती. आई त्याची पुढची बाजू ओल्या फडक्याने पुसायची आणि सोडून द्यायची.

बाबा बोटीवर खलाशी होते. मी जन्मले तेव्हा ते घरी नव्हते. मार्सेलिस बंदरात बोट दुरुस्तीला अडकली होती, तेव्हा तिथल्या जुन्या बाजारातून त्यांनी हे चित्र उचललं आणि पुढच्या सुट्टीला, कपड्यांच्या गाठोड्यात गुंडाळून घरी आणलं. काळी, थोडी फुगीर फ्रेम. आत एक तळं, पलीकडे टेकाडावर मनोऱ्यांचा वाडा, कडेला झाडं, पाण्यात एक होडी आणि होडीत दोन माणसं. वाड्याच्या खिडक्या, पाण्यावरच्या लाटा आणि वरचा चंद्र हे सगळं शिंपल्याच्या आतल्या चकचकीत पापुद्र्याचं. काचेच्या मागून बसवलेले बारीक बारीक तुकडे, मान हलवली की कधी गुलाबी, कधी हिरवे. लहानपण खाडीत कालवं फोडण्यात गेलेल्या माझ्या आईने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली होती म्हणे, "फ्रान्सची मानसा पन शिपल्या फेकत नाय बग."

पाहुणा आला की बाबा सुरू व्हायचे. "असली फ्रान्सचा हाय." मग तो बाजार, ती दुकानदारीण, तिची घासाघीस. दर खेपेला गोष्ट थोडी लांबायची. माझ्या लग्नाच्या वयापर्यंत ती दुकानदारीण चित्र देताना डोळ्यांतून पाणी काढायला लागली होती. आम्ही सगळे त्याला बाबांचं चित्र म्हणायचो, त्यात नवल ते काय? बाबांनी आणलं, बाबा त्याचं कौतुक करायचे. ते देव्हाऱ्यासमोरच्या भिंतीवर का लावलं, हे मात्र मी कधी विचारलं नाही. संध्याकाळी आईने दिवा लावला की वाड्याच्या खिडक्या उजळायच्या, आणि आत कुणीतरी राहतं अशी माझी खात्री होती.

गावातलं घर विमानतळाच्या जागेत गेलं. काही वर्षं उलव्यात भाड्याने काढली आणि मागच्या वर्षी नवीन पनवेलला हा फ्लॅट घेतला. सामान हलवायच्या वेळी बाबांना मी मुद्दाम उरणला आत्याकडे पाठवलं. सामान उचलणाऱ्या माणसांच्या डोक्यावर उभं राहून ते बोट धक्क्याला लावल्यासारखे हुकूम सोडतात, आणि शेवटी माणसं काम टाकून चहा प्यायला जातात. राहिलो आई आणि मी. आईने ठरवलं होतं की नव्या घराला जुनी काजळी लागू द्यायची नाही. डबे धुतले, पाट धुतले, देव धुतले. मी कामावर जायचे आणि संध्याकाळी येऊन बघायचे तर घरातली आणखी एखादी वस्तू ओली होऊन गॅलरीत उभी असायची.

त्या दिवशी मी द्रोणागिरीच्या गोदामाच्या ऑफिसातून घरी आले तर दार उघडं, दिवा नाही. आई न्हाणीघरात उकिडवी बसलेली, हात कोपरापर्यंत बादलीत.

"काय शोधतेस?"

"चंद्र परला गो," ती म्हणाली.

मला वाटलं, थकून काहीतरी बरळते आहे. पण तिने बादलीच्या तळाच्या गाळात बोटं फिरवली, चिखलातून कालव काढावं तसा शिंपल्याचा एक गोल तुकडा वर काढला आणि पदराला पुसला. शेजारी भिंतीला टेकवून बाबांच्या चित्राची काच ठेवलेली होती. वाडा होता, झाडं होती, होडी आणि होडीतली माणसं जिथल्या तिथे होती. वर मात्र काहीच नव्हतं. झाडांच्या शेंड्यांच्या मागून सरळ न्हाणीघराच्या पांढऱ्या फरशा दिसत होत्या.

झालं होतं ते असं. टेम्पोच्या धक्क्यांनी मागचा तपकिरी कागद सुटला होता. इतक्या वर्षांनी चित्र उघडण्यासारखं झालेलं पाहून आईने ते नेहमीप्रमाणे चादरीवर पालथं घातलं. मागची फळी काढली, तर आत कागदच नाही. काचेला नुसता मळकट रंगाचा थर, मध्ये मध्ये डाग, वरून वर्षानुवर्षांचं धुरकट कोळिष्टक. "मना वाटला, कागद सरून गेला आनि तेचाच मल काचंला बसलाय." मग साबणाचं पाणी आणि फडकं. काच पालथी, त्यामुळे समोरून काय चाललंय ते तिला दिसणार कसं? चंद्र टपकन बादलीत पडला, तेव्हा ती थांबली.

मी फोनवर शोधलं. फ्रान्समध्ये एके काळी अशी चित्रं बनायची, काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेली. कागदावर काढतो त्याच्या बरोबर उलट्या क्रमाने. आधी होडीतली माणसं, मग होडी, मग झाडं, वाडा आणि सगळ्यांच्या मागचं आभाळ अगदी शेवटी. शेवटी लावलेलं आभाळच फडक्याला सगळ्यात आधी लागलं. हे मी आईला समजावून सांगितलं, वर "तुझी काही चूक नाही, कुणीही हेच केलं असतं," असंही म्हटलं. ती म्हणाली, "आपल्याकरचा कोनीबी." ते खरं होतं; तसबीर उघडून काच धुवायची सवय आमच्याच घराची.

"तुजे बाबाना सांगू नको," एवढंच मग ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही ताटावर नुसती बसून उठली. मला बाबांचाच राग यायला लागला. काय मेलं मोठं ते चित्र! एक जुनी काच, आणि तिच्यापायी या बाईने म्हातारपणी नवऱ्याला घाबरून उपाशी राहायचं? बाबा काही बोललेच तर त्यांना काय ऐकवायचं, ती वाक्यं मी बसमध्ये घोकत होते.

चंद्र गोंदाने जागेवर बसवला. मग म्हटलं, मागे निळा कार्डशीट घालू या, लांबून कळणार नाही.

"निला नव्हता," आई म्हणाली.

"मग कसलं होतं?"

तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. जन्मापासून ते चित्र डोळ्यांसमोर असूनही मला आठवत नव्हतं. शेवटी साधा पांढरा कागद घातला, फळी बसवली आणि नव्या हॉलमध्ये देव्हाऱ्यासमोर ते लावलं. जागा आईनेच दाखवली. तोंड वळवून उभी राहिली आणि हाताने दाखवली.

रविवारी बाबा आले. आल्या आल्या नळ सोडून पाहिले, खिडक्या सरकवल्या, गॅलरीतून खाली वाकून वॉचमनला हाक मारली. आई स्वयंपाकघरात बोंबील साफ करत होती, तिची सुरी मधेच थांबत होती ते मला ऐकू येत होतं. मग बाबा हॉलमधल्या खुर्चीत बसले, बरोबर चित्रासमोर. मी दारात उभी राहिले, घोकलेली वाक्यं ओठांवर आणून.

बाबांनी वर पाहिलं. मान इकडे केली, तिकडे केली.

"वा गो!" त्यांनी आत हाक दिली. "काय झ्याक पुसलंस! कवरा उजेड आलाय तेच्यान!"

आई ओल्या हातांनीच बाहेर आली. वाटलं, चला, सुटलो, आता ही हसेल. ती हसली नाही.

"उजेड आलाय?" ती म्हणाली. "आभाल नाय तेच्यान. मी धुतला. सगला गेला. तुमाला दिसला नाय?"

बाबांनी पुन्हा वर पाहिलं. त्यांना खरंच दिसलं नव्हतं. तेव्हाही पटकन दिसलं नाही.

"तुमी आनला, पन बघितला कंदी?" आईचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "घरान आलात का झोपलात, नाय त खाडीवर गेलात. मी बघितला. तुमीच बोल्ला व्हतात, मी नसलो का हितं बग, मी हितं हाय. मी येरी, मना खरा वाटला. रोज दिवा लावला का पयले खिरक्या बघायची. उजलल्या का वाटायचा, बरं हाईत. पावसान तुमची खबर नाय यायची, तवा ताट हातान घेऊन तेच्यासमोर बसलेय मी. आनि तुमाला आभाल गेलेला पन समजत नाय?"

घोकलेलं एक वाक्यही माझ्या कामाचं राहिलं नाही. ती बाबांना घाबरून उपाशी राहिली नव्हती. तिचं स्वतःचं काहीतरी गेलं होतं आणि आम्हा दोघांनाही ते तिचं आहे हे माहीत नव्हतं. मला तिथे उभं राहायची लाज वाटली.

"अगो, चित्रानला तो गाव मी पन बघितला नाय कंदी," बाबा हळूच म्हणाले. "निसता चित्र व्हता. तुला बरा वाटावा म्हनून बोललो असन."

"म्हाईत हाय मना," आई म्हणाली. "नंतर समजला. तरी बघायची."

बाबांनी शेजारची खुर्ची ओढली. "बस. कसा व्हता आभाल, सांग."

आईने हात पदराला पुसले आणि बसली. सांगू लागली. खाली वाड्यापाशी पिवळं, पण हळदीसारखं नाही, फिकं. वर जाता जाता लालसर, मग राखाडी, मिठागरावर सांजेला पडतं तसं. चंद्राच्या डाव्या अंगाला एक ढग, कुत्रं पाय पोटाशी घेऊन झोपावं तसा. त्याच्या वर रंगाला एक बारीक चीर, केसासारखी. बोलताना ती चित्राकडे बघत नव्हती, तिला गरज नव्हती. बाबा मात्र पांढऱ्या कागदावर एकेक जागा शोधत होते.

"उरनला एक पेंटर हाय, होऱ्या रंगवतो," ते शेवटी म्हणाले. "तू सांग, तसा मी करून आनतो. आभाल परत बसंल."

"नको," आई उठत म्हणाली. बोंबील तसेच पडले होते. "राहू दे. आता मना कुनाची वाट बघाची हाय?"

ती आत गेली. बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा चढवला आणि त्या चित्राकडे बघत बसले.