तीन टिंबांचा दरवाजा

चेपलेल्या गाड्या ठोकून सरळ करणारे नाना डेंटर गाडीचा पत्रा डोळे मिटून बघत. फडक्याने हात स्वच्छ पुसायचे, मान किंचित तिरकी करायची आणि बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा तळवा पत्र्यावरून सावकाश फिरवायचा. "डोळे फसवतत रे मेल्या," ते मला म्हणत. "रंग चमकलो की डोळे थंयच अडकतत. हात फसवत नाय." मी विम्याचा सर्व्हेअर. अपघातात चेपलेल्या गाड्या तपासायला भांडुपला त्यांच्या गॅरेजात जायचो. माझ्याजवळ कॅमेरा, टेप, छापील फॉर्म असा सगळा सरंजाम असे आणि नाना त्याच्याकडे दयेने बघत. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली, तरी गाडी तपासताना माझा हात आधी पुढे होतो आणि कॅमेरा मागाहून निघतो.

नाना मूळचे कणकवलीकडचे. विक्रोळीच्या एका कारखान्यात त्यांनी वीस वर्षं कपाटांचे पत्रे सरळ केले. पत्रा म्हणजे सपाट, हे त्यांच्या हातात तिथेच मुरलं. तिथलीच आणखी एक सवय ते घेऊन आले होते. जिथे ठोकून पत्रा ताणला जाई, तिथे आतल्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, ते पंचच्या पोलादी टोकाने तीन टिंबं मारत. "उद्या दुसऱ्या कोणाक ह्यो पत्रो ठोकूचो लागलो तर तेका कळाक होया, हय पातळ आसा. नायतर फाटतलो बिचाऱ्याच्या हातात." त्या दुसऱ्या कोणाला नानांनी कधी पाहिलेलं नसे, पण त्याची काळजी मात्र रोज.

मुलुंडच्या एका डॉक्टरीणबाईंची गाडी त्यांच्याकडे आली, ती मीच पाठवली. मोठी परदेशी सेडान. ती बाजारात आली तेव्हा तिच्यावरून नुसता गदारोळ झाला होता. डिकीचं झाकण दुसऱ्याच गाडीचं उचलून ठेवल्यासारखं, दिव्यांवर सुजलेल्या पापण्या आणि मागच्या दोन्ही दरवाज्यांच्या खालच्या अंगाला एकेक उथळ खोलगा. कंपनीचे जुने चाहतेच खवळले. तिचं रूप आखणाऱ्या माणसाला घरी बसवा, अशी पत्रं गेली म्हणे. पुढे काही वर्षांनी तशीच डिकी, तसेच खोलगे इतरांच्या गाड्यांवर दिसायला लागले आणि शिव्या देणारे गुपचूप त्याच गाड्यांतून फिरायला लागले. बाईंच्या यजमानांनी ही गाडी ऐन शिव्यांच्या काळात हौसेने घेतली होती. ते गेले, गाडी राहिली. सोसायटीतले लोक हसले, पण बाईंनी ती विकली नाही.

एका टेम्पोने तिचा डावा मागचा दरवाजा चेपला होता. नवा दरवाजा परदेशातून यायला महिने लागले असते, म्हणून काम नानांकडे गेलं. पाच दिवसांत त्यांनी दरवाज्याचा आरसा केला. मी फोटो काढून पास केला. बाई म्हणाल्या, "झकास!" गाडी निघाली, गल्लीच्या तोंडाशी वळली आणि तिची उजवी बाजू उन्हात आली. नाना एकदम ओरडले, "थांबव! थांबव तेंका!"

टेम्पोच्या चेपाबरोबर नानांनी तो खोलगाही ठोकून बाहेर काढला होता. कपाटं सरळ केलेल्या हाताला खोलगा म्हणजे अपघातच. ज्या वळणासाठी त्या परदेशी माणसाने जगाच्या शिव्या खाल्ल्या, ते नानांनी भांडुपात पाच दिवसांत पुसून टाकलं होतं.

"जाऊ द्या ना नाना, कोणाच्या लक्षात येणारेय?" मी म्हणालो. या वाक्याची मला आजही लाज वाटते.

"तुझ्या नाय येवचा. माझ्या इला," नाना म्हणाले आणि तडक बाईंसमोर जाऊन उभे राहिले. "बाई, चूक झाली. मला तो चेप वाटला. तुमच्या साहेबांची गाडी मी बिघडवली."

बाई उतरल्या. दोन्ही बाजू पाहून आल्या. मग म्हणाल्या, "आमचे हे त्या खोलग्यात हात ठेवून मला दाखवायचे. बघ, म्हणायचे, इथे ऊन साठतं." आणि थोड्या वेळाने, "पुन्हा होईल का तसं?"

"करतो," नाना म्हणाले.

अकरा दिवस लागले. मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे घेऊन नानांनी उजव्या दरवाज्यावरून साचे कापले, ते उलटे करून डाव्याला लावले. वाळूची पिशवी, लाकडी हातोडा, दोन ठोके आणि मग डोळे मिटून तळवा. एका दुपारी हातोडा खाली ठेवून ते गाडी आखणाऱ्या त्या परदेशी माणसाबद्दल म्हणाले, "ह्या माणसाक हात होतो रे. आणि आपण हसलो तेका." शेवटी आतल्या कडेला तीन टिंबं मारली. बाई खूश झाल्या. मला तर दोन्ही बाजूंत काही फरक कळेना. नाना मात्र मान हलवत राहिले. "केसभर उथळ रवलो." पुढे गाडी जेव्हा जेव्हा त्यांच्याकडे आली, तेव्हा तेव्हा तळवा फिरवून तेच, "केसभर."

मग साखरेने त्यांचे डोळे नेले. गॅरेज बंद झालं. दारात खुर्ची टाकून बसत. मी गेलो की पहिला प्रश्न, "बाईंची गाडी आसा मां?" त्या केसाने माणूस आतून पोखरला जातोय हे मला दिसत होतं. शेवटी मी बाईंना फोन केला आणि एका रविवारी सकाळी त्या गाडी घेऊन आल्या.

मी नानांना हात धरून डाव्या मागच्या दरवाज्याशी नेलं. त्यांनी हात लुंगीला पुसला, कडी चाचपली आणि तळवा खाली नेला. एकदा, दोनदा, तीनदा. त्यांचा चेहरा उतरला.

"ह्यो माझो दरवाजो नाय," ते म्हणाले. "केसभरय उथळ नाय. बाईंनी बदलल्यानी. कंपनीचो नवो हाडलो." मग आवाज सावरत, "बरा केलास, बाय."

"नाही हो नाना, तुमच्यानंतर कोणी हातसुद्धा लावला नाही त्याला," बाई म्हणाल्या. नानांना ते खरं वाटलं नाही. आंधळ्याशी लोक गोड बोलतात, हे त्यांना तोवर चांगलंच कळलं होतं.

मी दरवाजा उघडला, त्यांचं बोट धरून आतल्या कडेला, अगदी खाली नेलं. बोट एका जागी थांबलं. जरा सरकून पुन्हा थांबलं. मग तिसऱ्यांदा.

"तीनय आसत," नाना म्हणाले.

मी दरवाजा लावला. त्यांनी सवयीने डोळे मिटले आणि तळवा त्या खोलग्यात ठेवला. तिथे ऊन साठलं होतं.