पुठ्ठ्याच्या चिलखतातला रिचर्ड
परवा शेजारच्या हेन्डरसनच्या घराचं गेट रंगवताना चंदेरी रंगाचा वास आला आणि लेकीच्या शाळेत पालक-मुलांनी मिळून केलेलं जुनं नाटक आठवलं. मी धर्मयुद्ध गाजवून, कैद भोगून सुटलेला इंग्लंडचा राजा रिचर्ड. आणि लेक सई माझी आई, राणी एलिनॉर.

"बाबा, प्लीज डोन्ट बी एम्बॅरसिंग," असं तिने बजावलं होतं.

मी ऐटीत आलो, समोर 'आई' दिसली आणि सवयीने वाकून सरळ तिच्या पाया पडलो. चंदेरी रंगवलेलं पुठ्ठ्याचं चिलखत दुमडलं, उठता येईना. हॉल खदखदून हसला. नाटक बुडालंच, असं मला वाटलं.

माझ्याशी एरवी इंग्रजीतच बोलणाऱ्या सईने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि खणखणीत मराठीत म्हणाली, "औक्षवंत हो, बाळा! आता ऊठ, तुझ्या धाकट्या भावाने राज्याची वाट लावलीय."